न दिसलेला गोरिला आणि मागे राहिलेला प्रश्न

फळ्यावर आकृती काढून आपण समजावून सांगत असतो. सगळ्या मुलांचे डोळे फळ्याकडे असतात. तरी प्रश्न विचारला की दोघा-चौघांना आकृतीतला बाणच दिसलेला नसतो. ‘समोर होता ना? मग पाहत काय होतास?’ असे आपण रागावून विचारतो. डोळे वळणे आणि वस्तू दिसणे यांत किती अंतर आहे, हे ‘द इन्व्हिजिबल गोरिला’ (2010) हे ख्रिस्तोफर शाब्री व डॅनियल सायमन्स यांचे पुस्तक रंजकपणे सांगते. शिक्षकांनी ते जरूर वाचावे; पण काही प्रश्न हाताशी ठेवून.

पुस्तकाचे नाव ज्या प्रयोगावरून आले तो 1999 साली प्रसिद्ध झाला. चित्रफितीत पांढऱ्या कपड्यांतील तिघे आणि काळ्या कपड्यांतील तिघे आपापसांत बास्केटबॉल फेकत असतात. एका संघाचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत जाते. जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसतच नाही!

लेखक हा मुद्दा प्रयोगशाळेबाहेर नेतात, ही पुस्तकाची मोठी जमेची बाजू. 1995 साली बॉस्टनमध्ये संशयिताचा पाठलाग करणारा एक पोलीस मारहाणीच्या जागेजवळून धावत गेला. ‘मला मारहाण दिसली नाही’ ही त्याची साक्ष खोटी ठरवून त्याला दोषी धरण्यात आले. पुढे तो निकाल रद्द झाला. लेखकांनी सहकाऱ्यांसह याचीही परीक्षा घेतली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एका धावणाऱ्याच्या मागे धावत, तो डोक्याला किती वेळा हात लावतो हे मोजायचे होते. वाटेत लुटुपुटीची मारामारी चालू होती. रात्री ती फक्त 35 टक्के लोकांना दिसली. भर दिवसाही 56 टक्क्यांनाच. न पाहिलेल्या गोष्टीसाठी माणसाला खोटारडा ठरवण्याआधी थांबावे, हा धडा मोलाचा आहे.

मात्र पुस्तकाचा सगळा भर आपल्या भ्रमांवर आहे. आपण किती चुकतो हे वाचकाला पटते. पण लक्ष निवड करते कशी, हा प्रश्न मागे राहतो. वस्तुतः मूळ शोधनिबंधातच त्याचा एक धागा आहे. काळ्या संघाचे पास मोजणाऱ्यांना गोरिला अधिक वेळा दिसला, कारण गोरिलाही काळाच होता. म्हणजे पांढरा संघ पाहणाऱ्यांनी जे काही काळे ते बाजूला सारले आणि त्यात गोरिलाही गेला. याला नुसता दुबळेपणा कसे म्हणावे? गर्दीतून हवे ते वेगळे काढण्याचे कामच तिथे चालू होते.

दुसरा धागा जॉन डंकन यांच्या 1984 च्या प्रयोगात सापडतो. एक चौकट आणि तिच्यावरून गेलेली एक रेघ क्षणभर दाखवली. चौकट लहान की मोठी आणि तिची फट कोणत्या बाजूला, असे एकाच वस्तूचे दोन गुण लोकांनी सहज सांगितले. पण एक गुण चौकटीचा आणि दुसरा रेघेचा विचारला, तेव्हा उत्तरे अधिक चुकली. दोन्ही वस्तू एकाच जागी असूनही! म्हणजे लक्ष केवळ जागा निवडत नाही, वस्तू निवडते. आणि निवडलेल्या वस्तूचे गुण एकत्र हाती येतात.

हे कळले तर फळ्यावरचा बाण वेगळा दिसू लागतो. मुलाने आकृती पाहिली असेल, पण बाण ही त्याच्या दृष्टीने निराळी वस्तू राहिली असेल. एक साधा प्रयोग करून पाहा. फळ्यावर पांढऱ्या आणि पिवळ्या खडूने वीस-वीस अंक मिसळून लिहा. पिवळ्या अंकांत एक पिवळे अक्षर दडवा. अर्ध्या वर्गाला पांढरे सात मोजू द्या, अर्ध्याला पिवळे. मग फळा पुसून अक्षराविषयी विचारा आणि दोन्ही गटांची उत्तरे शेजारी-शेजारी मांडा.

ज्याला अक्षर दिसले नाही तो अधिक एकाग्र होता, असा उलटा निष्कर्षही काढू नये. पण ‘लक्ष नव्हते’ हा शेरा मारण्याआधी ‘लक्ष कशावर होते?’ एवढे तरी विचारावे. पुस्तक त्या प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडते. आत पाऊल आपल्याला टाकायचे आहे.