सामान्यीकरण आणि समारोप : इंग्रजी क्रियाविशेषणांची जबाबदारी

इंग्रजी निबंधलेखन शिकविताना ‘जनरली’, ‘ब्रॉडली’, ‘ओव्हरऑल’, ‘ब्रीफली’, ‘अल्टिमेटली’ अशी क्रियाविशेषणांची यादी विद्यार्थ्यांना दिली जाते. हे शब्द परस्परांच्या जागी चालतात, असा समज त्यातून रूढ होतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

या शब्दांचे दोन गट पडतात. ‘जनरली’, ‘ब्रॉडली’ हे विधानाची व्याप्ती ठरवितात आणि अपवादाला वाव ठेवतात. उरलेले तीन युक्तिवादाचा समारोप करतात; परंतु त्यांचीही कार्ये भिन्न आहेत. ‘ब्रीफली’ विस्तार आटोपता घेतो, ‘ओव्हरऑल’ अनुकूल-प्रतिकूल बाजूंचा ताळेबंद मांडतो, तर ‘अल्टिमेटली’ मूळ कारणापर्यंत नेतो. मराठीत ‘थोडक्यात’, ‘एकंदरीत’, ‘अंतिमतः’ असा भेद उपलब्ध असूनही आपल्या शोधनिबंधांचा शेवट बहुधा ‘एकंदरीत’नेच होतो.

हा प्रश्न केवळ शब्दनिवडीचा नाही. ‘जनरली, कोकणातील शेतकरी सोशिक असतो’ हे वाक्य घेऊ. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. दरम्यान १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. हा दाखला समोर ठेवताच लेखक म्हणतो, ‘मी जनरली म्हटले होते.’ अपवादाची कबुली देणारा शब्द येथे आक्षेप टाळण्याची ढाल होतो. उलटपक्षी, ‘ओव्हरऑल, संप यशस्वी झाला’ असे लिहिणाऱ्याने जमिनी पडीक ठेवून कुळांनी वर्षानुवर्षे सोसलेली हलाखीही हिशेबात धरलेली असली पाहिजे. दुसरी बाजू मांडलीच नसेल, तर ताळेबंद कशाचा?

क्रियाविशेषण युक्तिवादाचे काम करीत नाही. झालेल्या कामाला ते केवळ नाव देते. म्हणून उत्तरपत्रिका तपासताना ‘जनरली’पुढे ‘अपवाद कोणते?’ आणि ‘ओव्हरऑल’पुढे ‘दुसरी बाजू कोणती?’ असे समासात लिहावे. हेच प्रश्न आपण स्वतःच्या शोधनिबंधालाही विचारावेत. उत्तर नसेल, तर शब्द बदलून भागणार नाही; विवेचनच पुन्हा करावे लागेल.