वटवाघळाचे वार्धक्य

बॉब केन व बिल फिंगर यांचा बॅटमन १९३९ पासून बहुधा ऐन तारुण्यातच वावरला. फ्रँक मिलर यांनी १९८६ च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या चार भागांच्या चित्रकथेत त्याला ५५ वर्षांचा केला. दहा वर्षांच्या निवृत्तीनंतर तो परततो. देह थकला आहे, आई-वडिलांच्या खुनाची जखम मात्र ओलीच आहे. आम्हांस ही कृती मोठी वाटते ती तिच्यातील काळोखामुळे नव्हे; न्याय कुठे संपतो आणि स्वतःची वेदना कुठे सुरू होते, हे नायकालाच उमगत नाही, हे ती लपवीत नाही म्हणून. खंत एवढीच की, त्याला जाब विचारणारे मानसोपचारतज्ज्ञ मिलर यांनी हास्यास्पद रंगविले. प्रश्न रास्त होता; विचारणारा मात्र विदूषक ठरला.