धर्मग्रामाला वेस असावी का?



आज आपण एका फ्रेंच कादंबरीविषयी बोलणार आहोत. जॉर्ज बेर्नानोस यांची ही कादंबरी १९३६ साली आली. एका खेड्यातल्या तरुण धर्मगुरूची रोजनिशी असं तिचं स्वरूप आहे. फ्रेंच अकादमीचा कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार तिला त्याच वर्षी मिळाला, आणि १९५१ मध्ये रोबेर ब्रेसों यांनी तिच्यावर चित्रपट काढला. पण पुरस्कार मिळाला म्हणून आम्ही ती निवडली नाही. निवडली ती एका प्रश्नासाठी.

'सर्वांवर प्रेम करा' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते कानावरून निघून जातं. ते ऐकून कुणाचं काही बिघडत नाही. बिघडायला लागतं ते 'सर्व' म्हणजे नेमके कोण कोण, याची यादी करायला बसल्यावर. मग लक्षात येतं की वाक्य सगळ्यांचं होतं, यादी मात्र आपली आहे. बेर्नानोसांची कादंबरी आमच्या मते या यादीची कादंबरी आहे.

आधी एका शब्दाकडे बघू. कॅथलिक व्यवस्थेत ज्याला पॅरिश म्हणतात, त्याला वसईकडच्या आपल्या ख्रिस्ती बांधवांनी मराठीत फार सुंदर शब्द रूढ केला आहे: धर्मग्राम. बिशपांच्या अखत्यारीतला तो धर्मप्रांत, आणि त्यातलं एकेक गाव तो धर्मग्राम. ऐकताच अर्थ कळतो. पण मूळ शब्दाचा अर्थ 'ग्राम' असा नाही. ग्रीक 'पारोइकिया' या शब्दापासून पॅरिश आला, आणि पारोइकिया म्हणजे परमुलखातला मुक्काम, परक्यांची वस्ती. बायबलच्या नव्या करारात, पेत्राच्या पहिल्या पत्रात, हा शब्द पृथ्वीवरच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी आला आहे. म्हणजे बघा, मूळ कल्पना अशी की इथे आपण सगळेच उपरे. कुणी मूळचा नाही, कुणी वतनदार नाही.

आणि आपला शब्द? त्यात ग्राम आहे. महाराष्ट्रातलं गाव म्हटलं की पाठोपाठ काय येतं, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. गाव आलं की वेस आली, गावकूस आलं, आणि गावकुसाबाहेरची वस्ती आली. शब्द चुकला असं आमचं म्हणणं नाही. शब्दाने नकळत एक खरी गोष्ट सांगून टाकली आहे, असं आमचं म्हणणं आहे. पॅरिश जन्मते उपऱ्यांची म्हणून, आणि स्थिरावता स्थिरावता तिचं गाव होतं. गाव झालं की कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे ठरायला लागतं.

चर्चचा कायदा मात्र या बाबतीत गावापेक्षा उदार आहे. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मग्राम साधारणपणे भूभागावर ठरतो, आणि त्या हद्दीतले सगळे श्रद्धावंत त्यात येतात. भाषेवरून किंवा राष्ट्रीयत्वावरून वेगळा धर्मग्राम करता येतो, पण तो अपवाद. धर्मगुरूने गरिबांकडे, दुःखितांकडे, एकट्या पडलेल्यांकडे, मायदेशाबाहेर फेकल्या गेलेल्यांकडे विशेष लक्ष द्यावं असं तिथे लिहिलेलं आहे. श्रद्धेपासून दुरावलेल्यांपर्यंत आणि ती न मानणाऱ्यांपर्यंतही पोहोचावं, असंही आहे. कागदावर यादी पूर्ण आहे. प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा, आणि कादंबरी तिथेच सुरू होते.

उत्तर फ्रान्समधलं आंब्रिकूर नावाचं खेडं. तिथे एक तरुण धर्मगुरू नेमला जातो. त्याचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पोटाचं दुखणं इतकं की दारूत भिजवलेला पाव एवढंच त्याला सोसतं, आणि गाव म्हणतं, फादर पितो. लेखकाने केलेली ही योजना नीट बघा. ज्याने सगळ्यांना आत घ्यायचं, तोच गावाच्या नजरेत बाहेरचा आहे. त्याच्यामागे घराणं नाही, पैसा नाही, बोलण्याची चलाखी नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुली त्याची टिंगल करतात. त्यांतली सेराफिता तर फारच आगाऊ. आणि एका रात्री तो रस्त्यात कोसळून चिखलात पडलेला असताना पाणी आणून त्याचं तोंड पुसते ती हीच सेराफिता. प्रेम देणारा कोण आणि घेणारा कोण, हा हिशेब कादंबरी इथे उलटा करून टाकते. दान करणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. या फादरचा हात तसा कधीच दिसत नाही, म्हणून त्याच्या प्रेमात उपकाराचा वास नाही.

कादंबरीतला सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे वाड्यावरच्या काउंटेसशी झालेलं त्याचं बोलणं. या बाईचा लहानगा मुलगा गेला आहे, आणि तेव्हापासून तिने देवाशी मनातल्या मनात अबोला धरला आहे. बाहेरून सगळं यथासांग चालू आहे. मिस्सा, दानधर्म, गावातला मान, सगळं. यादीत तिचं नाव पहिलं असेल. आणि तरी त्या गावात तिच्याइतकं बाहेर कुणीच नाही. आम्हाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. वगळलेला माणूस नेहमी शेवटच्या बाकावर सापडतो असं नाही, पहिल्या बाकावरही तो बसलेला असतो. बोलता बोलता ती मुलाची आठवण जपलेलं पदक आगीत टाकते, आणि फादर ते काढायला आगीत हात घालतो. ती शांत होते. त्याच रात्री ती मरण पावते. मग तिची मुलगी शांताल, जिने हे बोलणं चोरून ऐकलं आहे, त्याचा विपर्यास करून सांगते. काउंटेसने मरण्यापूर्वी त्याला आभाराचं पत्र पाठवलेलं असतं, पण स्वतःच्या बचावासाठी तो ते पुढे करत नाही. शांतालचाही तो तिरस्कार करत नाही. वाचताना आपल्याला वाटतं, अरे, दाखव ना ते पत्र! इथेच आपली यादी उघडी पडते. आपल्यावर किटाळ आणणाऱ्याचं नाव 'सर्व' या शब्दातून आपण किती चटकन खोडतो!

आणखी दोन माणसं. एक डॉक्टर देलबांद. देव न मानणारा, गोरगरिबांसाठी झिजलेला, आणि शेवटी बंदुकीच्या गोळीने मेलेला. आत्महत्या असावी असाच सगळ्यांचा कयास. जुन्या शिस्तीत अशा मृताला धर्मग्रामाची जमीनसुद्धा दुर्मीळ. शेजारच्या तोर्सी गावचा वयस्कर धर्मगुरू त्याचा मित्र, आणि तो या माणसाचा निवाडा देवावर सोपवतो. दुसरा द्यूफ्रेती, नायकाचा गुरुविद्यालयातला सोबती, धर्मगुरूपद सोडून एका कष्टकरी बाईबरोबर लग्नाशिवाय राहणारा. नायक मरतो तो याच्याच खोलीत, लील शहरात. अखेरचा धर्मगुरू वेळेत पोहोचत नाही, आणि क्षमेचे शब्द उच्चारतो तो व्रत मोडलेला हा मित्र. नायकाचे शेवटचे शब्द कृपेविषयीचे आहेत. ते जगप्रसिद्ध झाले. ते बोलले गेले कुठे, हे मात्र फारसं कुणी लक्षात घेत नाही. ते बोलले गेले धर्मग्रामाच्या नोंदवहीत ज्या घराला जागा नाही, अशा घरात.

आता तोर्सीच्या धर्मगुरूने सांगितलेली एक गोष्ट. त्याच्याकडे चर्चची देखभाल करणारी एक बाई होती, पूर्वाश्रमीची जोगीण. तिला ध्यास एकच: चर्च घासूनपुसून लख्ख करायचं. रोज घासायची, रोज धूळ परत यायची. त्या झटापटीत ती बिचारी संपली. तोर्सीचं म्हणणं असं की तिने घाण काढली यात चूक नव्हती. घाण कायमची नाहीशी करता येईल असं तिला वाटलं, ती चूक. माणसांची वस्ती म्हटली की घाण असणारच.

मराठी वाचकाला या गोष्टीसाठी टीप लागत नाही. आपल्याकडे याला सोवळं म्हणतात. सोवळ्याची सगळी ताकद कुणाला शिवायचं नाही, हे ठरवण्यात खर्च होते. म्हणून आम्हाला वाटतं, कादंबरीचं मर्म जर एका पानावर असेल तर ते या पानावर आहे. स्वच्छ धर्मग्राम आणि सर्वांचा धर्मग्राम, दोन्ही एकदम मिळत नाहीत.

इथवर कौतुक झालं. टीकेचं काम एवढ्यावर संपत नाही.

पहिला आक्षेप: या कादंबरीत गरिबांविषयी फार बोललं जातं, गरीब मात्र फार कमी बोलतात. तोर्सीचा धर्मगुरू दारिद्र्यावर पानंच्या पानं बोलतो, १८९१ च्या कामगारविषयक पोपपत्राने आपण कसे हादरलो ते सांगतो. पण आंब्रिकूरचे शेतकरी, मजूर हा बराचसा चेहरा नसलेला जमाव आहे. अपवाद शेवटचा, द्यूफ्रेतीबरोबर राहणारी ती बाई. ती आपल्या कामाविषयी, थकव्याविषयी स्वतः बोलते. द्यूफ्रेतीला कधीतरी परत जावंसं वाटलं तर आपली आडकाठी नको, म्हणून लग्नाचा आग्रह धरत नाही असं सांगते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पापात राहणारी ही बाई सबंध कादंबरीत सर्वांत निःस्वार्थ बोलते. लेखकाला हे सुचलं, पण फार उशिरा सुचलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सर्वांना कवेत घेणारी ही रोजनिशी प्रसिद्ध होण्याच्या पाचच वर्षं आधी, १९३१ साली, याच लेखकाने एदुआर द्र्यूमों या कडव्या ज्यूद्वेष्ट्याचा गौरव करणारं पुस्तक लिहिलं होतं. हे लपवून बेर्नानोसांवर बोलणं अप्रामाणिकपणा होईल. पुढे १९३८ मध्ये मायोर्का बेटावर फ्रँकोच्या बाजूने चाललेल्या हत्या आणि त्यांना चर्चने दिलेला आशीर्वाद, यांवर त्यांनी आपल्याच गोटाविरुद्ध घणाघाती पुस्तक लिहिलं. त्याचं मोल मोठं आहे. तरी पहिल्या पुस्तकाचा डाग त्याने पुसला जात नाही. यावरून आम्ही एवढंच म्हणू: सर्वसमावेशक प्रेम हा कुणाचा स्वभाव नसतो. ते प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसापुरतं नव्याने करावं लागतं. दुःखी काउंटेसवर करता आलं म्हणून शेजारच्या ज्यूवर आपोआप करता येतं, असं नाही.

मग आपल्याकडे काय? कादंबरी फ्रान्सची म्हणून आपण सुटत नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली इथल्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत बांधलेली, आणि ती पाडावी म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. त्याच राज्यातल्या एरैयूर गावी दलित कॅथलिकांनी आपल्याला वेगळा धर्मग्राम द्या अशी मागणी केली, कारण आहे त्यात त्यांना बरोबरीने वागवलं जात नव्हतं. मार्च २००८ मध्ये तिथे दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. एकाच वेदीवरचा प्रसाद घेणारे लोक, आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळा धर्मग्राम मागावा लागतो! गोव्यातही काही गावांत चर्चच्या कोंफ्रारीचं सभासदत्व आणि सणाचा मान जातीवर ठरत आला. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये भेदभाव आहे हे मान्य केलं. ती कबुली मोलाची आहे. कबुलीने भिंत पडत नाही, हेही तितकंच खरं.

आणि हे फक्त कॅथलिकांचं दुखणं समजून कुणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. स्मशानं आपल्याकडेही वेगळी आहेत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला जमलेल्या तरुणांपुढे पोप फ्रान्सिस यांनी 'सगळे' या अर्थाचा एकच शब्द तीनदा उच्चारला: चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे. काहींना ते ढिसाळ वाटलं, नियमांचं काय असं त्यांनी विचारलं. आक्षेप अगदीच पोकळ नाही. नियम नसलेलं घर घर राहत नाही. पण बेर्नानोसांचा फादर नियम मोडणारा नाही, हे विसरू नका. तो उपासना सोडत नाही, पापाला पुण्य म्हणत नाही, काउंटेसला तर तो फार कठोर बोलतो. त्याच्या कठोरपणात फक्त एक गोष्ट नसते: दार लावून घेण्याची धमकी. नियम माणसाला आत ठेवून सांगायचा की बाहेर काढून, एवढाच वाद आहे. आमचा कौल कुठे आहे, ते एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेलच.

शेवटी पुन्हा त्या शब्दाकडे. धर्मग्राम हा शब्द टाकून द्यावा असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. तो आपल्या भाषेने कमावलेला आहे. फक्त तो उच्चारताना त्याच्या पोटातला जुना ग्रीक अर्थ विसरू नये: उपऱ्यांचा मुक्काम. आज मुंबई-वसईच्या पट्ट्यात एकाच चर्चमध्ये मराठी, कोंकणी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम बोलणारी माणसं येऊन बसतात. कुणी पिढ्यान्‌पिढ्यांचं, कुणी काल भाड्याने खोली घेतलेलं. मूळचे कोण आणि नंतर आलेले कोण, हा प्रश्न तिथे रोज उभा राहतो. त्याचं उत्तर ठरावाने मिळत नाही, मिस्सा संपल्यावर आवारात कोण कुणाशी बोलायला थांबतो, त्यावरून ते कळतं.

कादंबरी जरूर वाचा. वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि कुठल्या पात्राचा राग आला, ते समासात लिहून ठेवा. ती आपली यादी. मग त्या यादीवर बोलायला आपण पुन्हा भेटू.