शेजारची शाळा, विशेष शाळा आणि निवडीचा प्रश्न

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ मध्ये एक महत्त्वाचा शब्द आहे: निवड. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीप्रमाणे, मोफत शिकण्याचा हक्क हे कलम देते. समावेशक शिक्षणाच्या चर्चेत रॅम्प येतो, पटसंख्या येते. हा शब्द क्वचितच तपासला जातो.

नागपूरचे उदाहरण घेऊ. दक्षिण अंबाझरी मार्गावरील अंध विद्यालय आणि शंकरनगरातील मूकबधिर विद्यालय या शहरातल्या जुन्या संस्था. अशा शाळांत ब्रेल जाणणारा शिक्षक भेटतो, बहिऱ्या मुलाला हातांनी बोलणारे सवंगडी भेटतात. म्हणूनच विशेष शाळेला सरसकट ‘वेगळे पाडणारी’ ठरवणे उथळपणाचे आहे. खुणांची भाषा कोणालाच येत नसलेल्या वर्गात बसवलेले बहिरे मूल पटावर समाविष्ट असते. वर्गात ते एकटेच असते.

मात्र नरखेड किंवा भिवापूर तालुक्यातल्या खेड्यातील मुलाला अशा शाळेसाठी कोवळ्या वयात घर सोडून वसतिगृहात राहावे लागते. गावच्या जिल्हा परिषद शाळेत भावंडे असतात, ओळखीची बोली असते. पण ब्रेल शिकवणारे कोणी असेलच असे नाही. समग्र शिक्षा योजनेतील फिरता विशेष शिक्षक अनेक शाळांमध्ये विभागलेला असतो. अशा वेळी पालक निवड करत नाहीत. कोणते नुकसान सोसायचे, एवढेच ते ठरवतात.

या कोंडीला कारभाराची रचनाही जबाबदार आहे. राज्यातील सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आहेत. विशेष शाळा आधी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आता त्या आहेत. स्वतंत्र विभाग मिळाला, पण दोन खात्यांमधली भिंत राहिली. ज्ञान एका खात्यात आणि त्याची गरज असलेला वर्ग दुसऱ्या खात्यात, अशी ही विभागणी आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या रजनीश कुमार पांडे निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण ठरवले: प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक स्तरावर १५ मागे एक. तरीही पदे मंजूर करून भरा, असे मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले.

विशेष शाळा बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यांच्याकडे साठलेले कौशल्य कायम पदांसह तालुक्यातालुक्यांत पोहोचवणे, दोन्ही खात्यांनी त्याची जबाबदारी एकत्र घेणे, हा खरा मार्ग आहे. हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते, तेव्हा किती दिव्यांग मुलांची नावे पटावर आली, एवढेच विचारून थांबू नये. गावातच राहून शिकायचे ठरवलेल्या मुलाला शिकवणारा माणूस नेमला आहे का, हेही विचारावे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कलम ३१ मधली निवड अजून कागदावरच आहे.