जॅक लंडनचें गलबत आणि त्याचा कुत्रा

समुद्रपर्यटनाचीं पुस्तकें घरकोंबड्या माणसांस विशेष आवडतात, आणि आम्ही त्यांपैकींच एक. मुंबईहून रेवसला जातांनाहि ज्यांस दरदरून घाम फुटतो, त्या आम्हांस पॅसिफिक महासागरांतील बेटें शिडाच्या गलबतांतून हिंडून आलेल्या लोकांविषयीं जें वाटतें, तें आदर आणि मत्सर यांच्या मधलें कांहींतरी असतें. जॅक लंडन या अमेरिकन कादंबरीकाराचें ‘दि क्रूझ ऑफ दि स्नार्क’ हें १९११ सालचें प्रवासवर्णन या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं पुन्हा वाचलें. आणि त्याला जोडूनच, लंडनच्या मृत्यूनंतर १९१७ सालीं निघालेली ‘जेरी ऑफ दि आयलंड्स’ ही कुत्र्याची कादंबरीहि वाचली. पहिल्या पुस्तकानें आम्हांस मनमुराद हंसविलें. दुसरें मिटतांना मन स्वस्थ नव्हतें.

एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमचें पुस्तक वाचून लंडनच्या डोक्यांत हें खूळ शिरलें. सात वर्षें जगभर हिंडावयाचें, असा बेत. गलबत पाण्याच्या रेषेवर ४५ फूट लांब, दोन डोलकाठ्यांचें. खर्चाचा अंदाज ७,००० डॉलर, प्रत्यक्ष खर्च सुमारें ३०,०००! बांधकामाच्या सुमारासच १८ एप्रिल १९०६ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोचा भूकंप झाला. मजूरहि मिळेनात, मालहि मिळेना. अखेर २३ एप्रिल १९०७ रोजीं ‘स्नार्क’ बंदराबाहेर पडलें तेव्हां त्याला गळती लागलेली होती, आणि वाऱ्याकडे तोंड करून उभें राहणें तें साफ नाकारीत होतें. ज्या वाचकांनीं आयुष्यांत एकदां तरी स्वतःचें घर बांधलें आहे, त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. प्रत्येक वस्तु उत्तमांतली उत्तम मागवावी आणि ती नेमक्या वेळीं मोडावी, हा अनुभव केवळ पुण्यासच येतो असा आमचा समज होता.

सोबती तर त्याहून नामी. पत्नी शार्मियन, तिचा चुलता रॉस्को ईम्स, एक तरुण विद्यार्थी, स्वयंपाक येत नसतांना स्वयंपाकी झालेला मार्टिन जॉन्सन आणि तोचिगी नांवाचा जपानी पोरगा. पैकीं ईम्स हे नौकेचे मार्गदर्शक. आणि या गृहस्थांची श्रद्धा अशी कीं, पृथ्वी हा पोकळ गोल असून आपण सर्व त्याच्या आंतल्या बाजूस राहतों! अशा मनुष्याच्या हातीं सुकाणूची दिशा सोंपवून दोन हजार मैलांवरील हवाई बेटें गांठावयाचीं, म्हणजे विनोद आयताच हातीं आला. लंडन शेवटीं स्वतःच पुस्तकें उघडून सूर्याचे वेध घेऊं लागला, आणि नुकतेंच पंचांग हातीं आलेल्या जोशीबुवांप्रमाणें ताठ झाला. हा ताठा तो लपवीत नाहीं, उलट स्वतःच्याच फजितीचा पाढा वाचतो. यांतच पुस्तकाची खरी गोडी आहे. हौशी वैद्य होऊन कोणाचा दांत उपटणें, सहप्रवाशांच्या चिघळलेल्या जखमांवर पाऱ्याचें जहाल औषध लावणें, हा सर्व भाग आम्ही घरांत मोठ्यानें वाचून दाखविला.

मोलोकाई बेटावरील महारोग्यांच्या वसाहतीचें प्रकरण या हास्यापेक्षां निराळें, आणि आमच्या मतें पुस्तकांतील सर्वांत सज्जन प्रकरण आहे. ४ जुलैच्या सणांत रोगी घोड्यांच्या व गाढवांच्या शर्यती लावून ओरडत आहेत, आणि लेखक त्यांच्यांत उभा राहून स्वतःची भीति विसरला आहे, हें चित्र विसरतां येत नाहीं. टाहा बेटावरचा तेहेई व त्याची पत्नी हीं तर पाहुण्यांवर इतकीं फळें, कोंबड्या आणि कंद लादतात कीं, गलबतावर पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. टायपी खोऱ्याच्या प्रकरणांत गळेकाढूपणा आहे. तें सोडून दिलें तरी चालेल. फिजी बेटांत १८७९ पासून १९१६ पर्यंत आपल्या देशांतील सुमारें साठ हजार माणसें करारावर मजुरीस नेण्यांत आलीं. ‘स्नार्क’ १९०८ सालीं सुवा बंदरांत गेलें तेव्हां हा व्यवहार ऐन भरांत होता. पण लंडननें फिजीला स्वतंत्र प्रकरण दिलेलें नाहीं.

मजुरीचा प्रश्न त्याला खरोखर भेटतो तो सॉलोमन बेटांत. तेथें ‘मिनोटा’ नांवाच्या दुसऱ्या गलबतावर तो व शार्मियन पाहुणे म्हणून गेलीं. हें गलबत मळ्यांसाठीं मजूर गोळा करणारें. कठड्यावर कांटेरी तार, खलाशांजवळ बंदुका, आणि कांहीं महिन्यांपूर्वींच त्याच्या कप्तानाचें मुंडकें बेटवाल्यांनीं नेलेलें. खोलीच्या दारावर कुऱ्हाडीच्या खुणा ताज्या. मलाइता बेटाजवळ तें खडकावर चढलें तेव्हांचें वर्णन श्वास रोखून वाचावें असें आहे. परंतु ही तार कोणापासून कोणाचें रक्षण करीत होती, आणि तीं माणसें बेटावरून नेलीं कां जात होतीं, या प्रश्नापाशीं तो थांबत नाहीं. मोलोकाईस ज्याचें अंतःकरण उघडें होतें, तोच हा लेखक. येथें मात्र त्याला साहसाखेरीज कांहीं दिसत नाहीं.

याच बेटांत शार्मियनजवळ पेगी नांवाची आयरिश टेरियर जातीची कुत्री होती. ‘जेरी’ कादंबरी तिच्या जातीच्या कुत्र्याची. जेरी एका मळ्यावर जन्मतो, गोऱ्या धन्यावर जीव टाकतो, आणि काळ्या माणसांचा द्वेष करावयास लहानपणापासून शिकतो. आमच्या दहा वर्षांच्या पुतण्यास ही गोष्ट सांगूं लागलों तेव्हां त्यानें मध्येंच विचारलें, “काका, त्याला हें कुणी शिकवलं?” कादंबरीस याचें उत्तर ठाऊक आहे; धन्यानींच शिकविलें, हें ती स्पष्ट सांगते. पण त्यांत कांहीं वावगें झालें, असें तिला वाटत नाहीं. आमच्या महाभारतांत धर्मराजामागें स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा आहे. तेथें कुत्रा माणसाची परीक्षा घेतो. येथें माणूस स्वतःचें पाप कुत्र्याच्या स्वभावांत घालतो, आणि वाचकानें त्या स्वभावास इमान म्हणावें अशी अपेक्षा करतो.

आणि तरीहि ही कादंबरी टाकाऊ नाहीं. धन्याचा खून झाल्यावर जेरी मलाइताच्या एका गांवांत सांपडतो, आणि तेथें नलासू नांवाचा आंधळा म्हातारा त्याला जवळ करतो. शत्रू किती, कोणत्या बाजूनें आले, हें कुत्र्यानें कळवावें आणि आंधळ्यानें तें जाणून बाण सोडावा, अशी एक भाषाच दोघांमध्यें तयार होते. हीं प्रकरणें लिहितांना लंडनचे वर्णाविषयींचे सर्व सिद्धांत गळून पडलेले आहेत, असें आम्हांस वाटतें. पुस्तकांत माणूस आणि कुत्रा एकमेकांस समजून घेतात ते येथेंच. एरव्हीं एक हुकूम करतो आणि दुसरा ऐकतो. पुढें हौशी दर्यावर्दी हार्ली व व्हिला केनन हें जोडपें जेरीला आपल्या गलबतावर घेतें. तीं उघडच लंडन पतिपत्नी आहेत. तेथें जेरीचे लाड होतात, त्याला गाणें शिकविलें जातें. आणि कादंबरी निर्जीव होते. लेखकाला स्वतःचें सुखी चित्र काढण्याचा मोह आवरला नाहीं.

खरी सफर अशी सुखांत नव्हती. १९०८ च्या नोव्हेंबरांत लंडन सिडनीच्या रुग्णालयांत दाखल झाला. हातांची कातडी सोलून निघत होती, आणि सात वर्षांचा बेत दुसऱ्याच वर्षीं संपला. पुस्तकाच्या उपसंहारांत तो या दुखण्याचा दोष उष्ण प्रदेशांतील सूर्यप्रकाश गोऱ्यांस सोसत नाहीं या उपपत्तीकडे देतो. म्हणजे मळे गोऱ्यांचे, बंदुका गोऱ्यांच्या, आणि ऊन मात्र कोणाचें ऐकावयास तयार नाहीं!

शार्मियननें १९१५ सालीं आपली रोजनिशी ‘दि लॉग ऑफ दि स्नार्क’ या नांवानें प्रसिद्ध केली. तीहि सोबत ठेवावी, कारण गलबतावरचें रोजचें जिणें तिच्यांत अधिक सविस्तर आलें आहे. कोणी उत्साही भाषांतरकार या लेखकाकडे वळणार असेल, तर त्यानें ‘स्नार्क’पासून आरंभ करावा. ‘जेरी’ला हात घातलाच, तर मुलांचें पुस्तक म्हणून त्यांतील अपशब्द गाळूं नयेत. ते गाळले म्हणजे आमच्या पुतण्याचा प्रश्न विचारावयास जागाच राहणार नाहीं.