औद्योगिक नगर, दारिद्र्य आणि सार्वजनिक आरोग्य : नगरसीमेतील मोजमापाची चिकित्सा

प्रस्तावना

औद्योगिकीकरणामुळे नगरे वाढली, नगरांत दाटी झाली, दाटीतून रोगराई पसरली आणि पुढे नगरपालिकांनी पाणी, गटारे व दवाखाने यांची व्यवस्था करून ती आटोक्यात आणली, अशी सार्वजनिक आरोग्याची कथा सामान्यतः सांगितली जाते. मँचेस्टरविषयी ती जशी सांगितली जाते, तशीच मुंबईविषयीही. या कथेत एक गृहीतक दडलेले आहे. औद्योगिक नगराची रोगराई नगराच्या हद्दीतच राहते आणि तेथेच ती मोजता येते, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी कापड गिरण्यांच्या प्रारंभापासून १९३१ पर्यंतची मुंबई हे प्रमुख उदाहरण घेतले असून शेवटी नागपूर आणि भंडारा जिल्हा यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले आहे. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावाला औद्योगिक नगराचा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. तो परका नाही, हेच या विवेचनातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा आहे.

घाण की दारिद्र्य?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात रोग आणि दारिद्र्य यांच्या संबंधाविषयी दोन भूमिका पुढे आल्या. एडविन चॅडविक यांनी १८४२ च्या आपल्या अहवालात घाण हे रोगाचे कारण मानले. घाणीमुळे रोग होतो, रोगामुळे कमावता माणूस जातो आणि कुटुंब दरिद्री होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. साहजिकच त्यांचा उपाय अभियांत्रिकीचा होता; मजुरीच्या दराला त्यात स्थान नव्हते. याउलट फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ मध्ये इंग्लंडमधील श्रमिकांच्या स्थितीचे विवेचन करताना आणि रुडॉल्फ फिरखो यांनी १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीचा अभ्यास करताना रोगाचे मूळ सामाजिक व्यवस्थेत शोधले. वैद्यकाने समाजाकडे पाहिले पाहिजे, हा आग्रह तेथून दृढ झाला.

मुंबईच्या प्रशासनाने यांपैकी पहिली दृष्टी स्वीकारली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. १८६० मध्ये विहार तलावाचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले. १८७२ मध्ये शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. १८९१ मध्ये ती ८,२१,७६४ झाली. पाणी आले, परंतु ते वाहून नेणारी गटारे त्या प्रमाणात झाली नाहीत आणि कामगारवस्त्यांपर्यंत ती सर्वांत शेवटी पोहोचली. तरीही ही अपुरी कामे पूर्ण झाली की प्रश्न सुटेल, असाच विश्वास होता. त्या विश्वासाला १८९६ मध्ये तडा गेला.

प्लेग : सीमेबाहेर गेलेली साथ

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे म्हणजेच प्लेगचे निदान केले. घरे धुणे, सामान जाळणे, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेणे असे उपाय सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. या घटनेकडे अज्ञानाचे उदाहरण म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ज्या रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही आणि ज्याच्या दारात नातेवाइकांना थांबवले जाते, त्याविषयी कामगारांनी केलेला तो निवाडाही होता, हे लक्षात घ्यावे लागते.

लोकांनी केलेला दुसरा निवाडा अधिक मोठा होता. त्यांनी शहर सोडले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत लाखो लोक कोकणात व देशावर आपापल्या गावी गेले. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,७६,००६ इतकी, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. शहराच्या दृष्टीने ही घट होती. गावांच्या दृष्टीने ती माणसांबरोबर आलेली साथ होती. पुढील दोन-अडीच दशकांत देशभरात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. गिरणी कामगारांचे आद्य संघटक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगनेच मृत्यू पावले आणि १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सत्यशोधक परंपरेतील या दोन व्यक्ती रुग्णांच्या जवळ राहिल्या होत्या, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येणार नाही.

शासनाने काढलेला निष्कर्ष मात्र पुन्हा अभियांत्रिकीचाच होता. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून समुद्राची हवा शहरात खेळविणारे रुंद रस्ते त्याने काढले. पाडलेल्या खोल्यांतील माणसे पर्यायी घरांचे भाडे न परवडल्यामुळे शेजारच्या वस्तीत शिरली आणि तेथील दाटी वाढली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने पन्नास हजार गाळ्यांची योजना आखली. प्रत्यक्षात २०७ चाळींमध्ये सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. आज बी.डी.डी. चाळी या नावाने परिचित असलेल्या या इमारतींतील अनेक खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या. दाटीने गुदमरणाऱ्या शहरात खोल्या रिकाम्या राहाव्यात, यातच घाणीचा सिद्धान्त अपुरा असल्याचा पुरावा मिळतो. उणीव केवळ खोल्यांची नव्हती. त्या खोलीचे भाडे भरू शकेल अशा मजुरीचीही होती.

एका आकड्याचे वाचन

औद्योगिक मुंबईच्या आरोग्याविषयी सर्वाधिक उद्धृत केला जाणारा आकडा १९२१ चा आहे. त्या वर्षी दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६६ अर्भके दगावल्याची नोंद झाली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण ८२८, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३ होते. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ मध्ये मुंबईतील कामगार व त्यांची घरे यांवर लिहिलेल्या ग्रंथामुळे ही उतरंड सर्वपरिचित झाली.

हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. गिरणीत राबणारी अथवा गिरणी कामगाराची पत्नी असलेली स्त्री पहिल्या बाळंतपणासाठी आणि अनेकदा पुढच्याही बाळंतपणांसाठी माहेरी जात असे. जन्माची नोंद रत्नागिरी अथवा सातारा जिल्ह्यात होई. काही महिन्यांनी ती मुलासह मुंबईस परते आणि मूल तेथे दगावल्यास मृत्यूची नोंद मुंबईत होई. भागाकारातील वरचा अंक शहराचा आणि खालचा अंक अपुरा, अशी ही स्थिती होती. ही त्रुटी एका खोलीच्या घरांबाबत सर्वाधिक असणार, कारण गावाशी घट्ट संबंध असलेली कुटुंबे तेथेच राहत. त्यामुळे ८२८ आणि १३३ यांच्यामधील अंतराचा काही भाग नोंदणीतून निर्माण झालेला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु चिकित्सा येथे थांबली तर ती अर्धवट राहील, कारण याच व्यवस्थेत विरुद्ध दिशेची दुसरी त्रुटी आहे. ज्या कामगाराला क्षय जडला, ज्याची छाती कापसाच्या धुळीने भरली, तो काम करेनासा झाला की गावी जात असे. कामाविना शहरातील खोलीचे भाडे भरणे आणि खानावळीचे देणे देणे त्याला शक्य नसे. १९११ व १९२१ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशेहूनही कमी स्त्रिया होत्या. म्हणजे शुश्रूषा करणारे घर बहुतेकांचे गावीच होते. त्याचा मृत्यू गावातील नोंदवहीत, बहुधा ‘ताप’ या सर्वसमावेशक शीर्षकाखाली, नोंदला जाई. गिरणीचा व शहराचा त्या मृत्यूशी असलेला संबंध कागदावर उरत नसे.

एका त्रुटीने शहराचा बालमृत्युदर फुगतो, तर दुसरीने प्रौढ कामगारांचा मृत्युदर आकसतो. या दोन त्रुटी परस्परांना छेद देऊन बरोबरी साधतात असे म्हणता येणार नाही, कारण त्या वेगवेगळ्या माणसांविषयी आहेत. पहिल्या त्रुटीची चर्चा त्या काळीच झाली, कारण तिच्यामुळे शहराची बदनामी होत होती. दुसरी शहराच्या सोयीची होती. कोणती त्रुटी दुरुस्त करावीशी वाटते, यावरूनही मोजणाऱ्याची भूमिका कळते.

धोटा, लाळ आणि जात

आरोग्याच्या मोजमापाबाहेर राहिलेले आणखी एक क्षेत्र म्हणजे गिरणीचे विणकाम खाते. धोट्यातील सूत संपले की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. क्षयासारख्या रोगाच्या प्रसारास ही पद्धत अनुकूल होती व लँकेशायरमध्येही तिच्यावर टीका झाली होती. मुंबईत मात्र या लाळेचा विचार प्रामुख्याने विटाळाच्या अंगाने झाला. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तुलनेने अधिक मजुरीच्या या खात्यात प्रवेश नाकारण्यासाठी हेच कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार नेत्यांसमोर ठामपणे मांडला. रोग पसरविणारी लाळ चालून गेली आणि जात बाटविणारी लाळ चालली नाही. दारिद्र्य व आरोग्य यांचा भारतीय संदर्भातील विचार जातीला वगळून करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात आणि १९३० मध्ये मध्य प्रांतात हा कायदा झाला. बाळंतपणाचा भार केवळ स्त्रीच्या माहेराने सोसावा ही व्यवस्था त्याने प्रथमच प्रश्नांकित केली. ज्या उद्योगाला श्रमाचा लाभ होतो, त्याने त्या श्रमाच्या पुनरुत्पादनाचा खर्चही उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही श्रम आयोगाच्या अहवालाने कामगारांचा गावाशी असलेला संबंध टिकविण्याजोगा मानला. या संबंधात कामगाराला आधार होता, हे खरेच आहे. मात्र हा आधार म्हणजे उद्योगाला गावाकडून मिळणारे अनुदानही होते, ही बाब त्या मांडणीत दुय्यम राहिली.

साहित्याची साक्ष

नोंदवहीत न आलेला हा संबंध मराठी साहित्यात आला आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतील विरहाचे वाचन संयुक्त महाराष्ट्राच्या संदर्भात होते, आणि ते योग्यच आहे. परंतु कामगार नगरात आणि घर गावात, ही रचनाच त्या विरहाची भौतिक बाजू आहे. बाबुराव बागूल यांच्या ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) या संग्रहाचे शीर्षकच मृत्यूला बाजाराच्या भाषेत उभे करते. समीक्षेने या साहित्यातील विद्रोहाची भरपूर दखल घेतली; त्यातील खोकणाऱ्या, उपाशी, बाळंत होणाऱ्या देहाची दखल मात्र त्या मानाने कमी घेतली. साहित्याला आकडेवारीची जागा देता येत नाही. तथापि आकडेवारी कोणते प्रश्न विचारीत नाही, हे साहित्यामुळे कळते.

नागपूर आणि भंडारा

विदर्भात हीच प्रक्रिया नागपूरच्या रूपाने घडली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली आणि कोष्टी व महार समाजांतील विणकर गिरणीत आले. गिरणीयुग संपले तरी नगर वाढतच राहिले. आज नागपूर पेंच व कन्हान या नद्यांचे पाणी घेते. नगराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते आणि हे पाणी भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द जलाशयात पोहोचते. भांडेवाडी येथे सांडपाण्यावर प्रक्रिया होते व त्यातील काही पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, ही स्वागतार्ह बाब आहे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी मोठ्या खर्चाच्या योजनेस मंजुरीही मिळाली आहे. परंतु नदीकाठच्या गावांतील मासेमाराचा बुडालेला रोजगार आणि दूषित पाण्याने होणारे आजार नागपूरच्या आरोग्याच्या ताळेबंदात येत नाहीत. पूर्वी नगराचा आजार कामगाराच्या शरीरातून गावी येई. आता तो नदीतूनही येतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर शहरांतून परतलेल्या मजुरांना गावोगावच्या शाळांत विलगीकरणात ठेवण्यात आले. १८९७ च्या स्थलांतराशी असलेले त्याचे साम्य वरवरचे नाही. दोन्ही वेळी नगराने श्रम ठेवून घेतला आणि संकटकाळी श्रमिक परत पाठविला. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला. पण त्याचा लाभ सामान्यतः नोकरीशी बांधलेला आणि त्याचे दवाखाने औद्योगिक वस्त्यांभोवती एकवटलेले आहेत. कंत्राटी व हंगामी मजुरांपर्यंत तर तो प्रत्यक्षात अनेकदा पोहोचत नाही. ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आणि नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले. ही विभागणी प्रशासनाला सोयीची असली, तरी वर्षातील काही महिने एकीकडे आणि उरलेले दुसरीकडे राहणारा माणूस या दोहोंच्या मध्ये सापडतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, औद्योगिक नगराच्या अनारोग्याचे कारण केवळ घाण नसून मजुरी, भाडे व जात यांची एकत्रित रचना हे आहे. दुसरी, नगराच्या हद्दीत केलेले मोजमाप गरिबांच्या आजाराचा मोठा भाग वगळते आणि हे वगळणे नगराच्या हिताचे असते. तिसरी, हा वगळलेला भार गावाने, आणि गावातही प्रामुख्याने स्त्रियांनी, विनामूल्य वाहिला आहे.

म्हणून औद्योगिक नगराच्या आरोग्याचा अभ्यास जेथून माणसे जातात व जेथे ती आजारी होऊन परततात, तेथूनही होणे आवश्यक आहे. ग्रामपंचायतीची मृत्यू नोंदवही, प्राथमिक आरोग्य केंद्रातील क्षयरोगाच्या नोंदी आणि परतलेल्या मजुराच्या कामाचा पूर्वेतिहास यांची सांगड घालण्याचे काम ग्रामीण महाविद्यालयांतील समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल व भाषा या विभागांना एकत्रितपणे करता येण्यासारखे आहे. मृत्यूच्या नोंदीत मृताने आयुष्यातील किती वर्षे कोठे आणि कोणते काम केले, एवढा एक रकाना वाढला, तरी नगर आणि गाव यांच्यातील थकलेला हिशेब मांडण्यास प्रारंभ होईल.