हात लागलेल्या वस्तू

इंग्रजीत 'आर्टिफॅक्ट' म्हटलं की काम भागतं. मराठीत तसं भागत नाही. कोश उघडला की एकामागून एक शब्द पुढे येतात: कलाकृती, कलावस्तू, पुरावस्तू, पुरावशेष, मानवनिर्मित वस्तू. शिवाय बोलण्यातले निराळेच: ठेवा, ऐवज, जिन्नस, चीज. एवढी गर्दी पाहून 'मराठीत नेमका शब्दच नाही' अशी हळहळ व्यक्त करायची पद्धत आहे. मला त्या हळहळीत फारसा रस नाही. या गर्दीतला हाताला लागेल तो शब्द उचलून पाटीवर लिहिला जातो, तेव्हा मात्र मी अस्वस्थ होतो. कारण यातला प्रत्येक शब्द वस्तूबद्दल काहीतरी जास्तीचं सांगून टाकतो, आणि ते खरं असेलच असं नाही.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: कौशल्याने केलेलं. जुनं असलंच पाहिजे, सुंदर असलंच पाहिजे, किमती असलंच पाहिजे, अशी कुठलीही अट त्यात नाही. माणसाचा हात लागलाय, एवढंच. आता आपले शब्द पाहा. 'पुरावस्तू' म्हटलं की वय आलं. 'अवशेष' म्हटलं की काहीतरी मोडलं, संपलं आणि हे उरलं, असं आलं. मग अख्खं, बिनतड्याचं मडकं अवशेष कसं? 'ऐवज' म्हटलं की किंमत आली. 'कलाकृती'ची गंमत तर वेगळीच. फोड केली तर तो आर्टिफॅक्टचा जवळजवळ शब्दशः जुळा आहे, कला अधिक कृती. पण मराठीत कलाकृती म्हणजे चित्र, शिल्प, कादंबरी, सिनेमा. एका संग्रहालयात मी गारगोटीच्या छोट्या पात्यांशेजारी 'प्राचीन कलाकृती' अशी पाटी पाहिली आहे. ती पाती कुणीतरी मांस कापायला नाहीतर कणसं खुडायला केली असतील. पाटी वाचून शेजारचा मुलगा त्यात नक्षी शोधत होता. नक्षी सापडली नाही, तो पुढच्या दालनात गेला.

हा नुसता भाषेचा काथ्याकूट वाटत असेल तर कायद्याकडे बघा. १८७८ च्या कायद्यात जमिनीत दडलेलं जे काही सापडेल ते 'निधी'. त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवायचं. म्हणजे निकष किमतीचा. १९७२ च्या कायद्यात वस्तू शंभर वर्षांची झाली की 'पुरावशेष', आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तरच वर्षं पुरतात. इथे निकष प्रामुख्याने वयाचा. गावात या दोन्हींना एकच नाव आहे, गुप्तधन, आणि त्याचा निकष नशिबाचा. एकच हंडा, पण त्याला काय म्हणायचं यावर तो कुठे जाणार हे ठरतं: सरकारदरबारी, संग्रहालयात, की सोनाराच्या मुशीत.

दैमाबादचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं हे ठिकाण. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. भरीव ओतकाम, चारांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. रथ जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब, पण हाकणाऱ्याच्या उभं राहण्यात असा काही तोल आहे की फोटोतसुद्धा नजर हलत नाही. याला कलाकृती म्हणू नका, असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. अडचण पुढे आहे. या वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात मिळालेल्या नाहीत. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली तिथे मोठं उत्खनन केलं, पण या चार वस्तू कुठल्या थरातल्या, कुठल्या खापरांच्या सोबतीच्या, हे खात्रीने जुळवणं तोवर हातातून गेलं होतं. त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला. कुणी शैलीवरून त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, कुणी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली.

'कलाकृती' हा शब्द इथे नेमकं काय लपवतो, ते आता दिसेल. कलाकृती स्वतःपुरती पुरी असते, तिला काचेच्या पेटीत ठेवलं तरी चालतं. पुरातत्त्वातली वस्तू मात्र एकटी अर्धी असते. तिचा उरलेला अर्धा भाग तिच्या भोवतालच्या मातीत असतो. आणि त्या मातीचं काय झालं? दख्खनच्या कितीतरी गावांत जुन्या वस्तीची टेकाडं 'पांढरी' म्हणून ओळखली जातात आणि तिथली माती लोकांनी खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली. त्यांना दोष कसा द्यायचा? पीक तरारून येत होतं.

मराठीत नेमका शब्द नाही म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक उत्तर आहे: लेणी. हल्ली रील्समध्ये, बुकिंगच्या ॲपवर 'अजिंठा गुहा' असं सर्रास दिसतं. इंग्रजीत केव्ह्ज, हिंदीत गुफाएँ, म्हणून मराठीत गुहा. पण गुहा आपोआप होते, आणि लेणं माणूस कोरतो. नेमका हाच फरक आर्टिफॅक्ट या शब्दाला करायचा असतो. तो मराठीने कधीचाच करून ठेवलाय. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत 'लेण' हा शब्द सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच आला आहे. तो टाकून गुहा घेणं म्हणजे कोरणाऱ्यांचा हात पुसून टाकणं. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलं आहे. गुहा अर्धवट राहत नाही.

वेरूळबद्दलही तेच. 'कैलास मंदिर कुणी बांधलं?' असं विचारलं जातं. कुणीच नाही. ते बांधीव नाही, कोरीव आहे. अखंड कातळात, वरून खाली. एका क्रियापदाने त्यातलं सगळं नवल घालवलं.

बांधीव, कोरीव, घडीव, ओतीव, कातीव. मला वाटतं आपला आर्टिफॅक्ट इथे, या 'ईव'मध्ये आहे. हा प्रत्यय नुसता हात लागल्याचं सांगून थांबत नाही, हाताने काय केलं तेही सांगतो. 'घडीव वस्तू' असा एकच पारिभाषिक शब्द करावा, असं एखाद्याला सुचेल. पण दैमाबादचा रथ ओतीव आहे, घडीव नाही, आणि तांबट-ओतारी हा फरक तुम्हाला विसरू देणार नाहीत. एका शब्दाचा हट्ट सोडला तर हीच श्रीमंती आहे.

आर्टिफॅक्टचा दुसरा अर्थ तुम्ही रोज फोनवर बघता. शंभर वेळा फॉरवर्ड झालेल्या फोटोत अक्षरांच्या कडेला जे चौकोनी तुकडे, राखाडी ठिपके दिसतात, त्यांनाही आर्टिफॅक्टच म्हणतात. एमआरआय काढताना रुग्ण हलला की चित्रात उमटणाऱ्या पुसट छायांनाही. वस्तूत मुळात नसलेलं, यंत्राने आणून घातलेलं. याला मराठीत 'कृत्रिम' चालेल असं म्हणतात, आणि बघा, कृतीतला 'कृ' इथेही हजर आहे; फक्त 'केलेलं'चं 'खोटं' झालं. तरी प्रश्न दोन्हीकडे सारखाच. गोटा हातात घेऊन अभ्यासक विचारतो, हा नदीने फोडला की माणसाने? डॉक्टर विचारतो, हा डाग फुप्फुसावर आहे की चित्रावर? चुकीचं उत्तर पहिल्या ठिकाणी इतिहास बिघडवतं, दुसऱ्या ठिकाणी माणूस.

मग पाटीवर काय लिहावं? दैमाबादच्या रथासाठी मी एवढं लिहीन: 'ओतीव रथ, ब्राँझ. दैमाबाद, प्रवराकाठ. १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना मिळाला. थर: माहीत नाही.' शेवटची ओळ बाकीच्यांइतक्याच ठळक अक्षरांत.